सेलिब्रिटी जातात तिथं जायचंय? सोलापूरकरांकडून नेहमी येणारे प्रश्न

मी जुळे सोलापूरला राहते आणि गेली काही वर्षं घरूनच लोकांच्या ट्रिपा ठरवून देते. आधी नातेवाईकांच्या, मग ओळखीच्यांच्या, आता कोणाचेही फोन येतात. बहुतेक फोनची सुरुवात एकाच वाक्यानं होते, "ताई, हे बघा, इथं जायचंय," आणि मागोमाग कुठल्यातरी हिरोईनचा नाहीतर क्रिकेटरचा फोटो येतो, मागं निळं पाणी किंवा राजवाडा. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

फोटो बघून जागा ठरवणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. माणसाला कुठंतरी जावंसं वाटतं ते काहीतरी बघूनच, पूर्वी कॅलेंडरवरची चित्रं बघून काश्मीर ठरायचं, आता मोबाइल बघून ठरतं. फक्त फोटोत तीन गोष्टी दिसत नाहीत आणि त्या मी प्रत्येकाला विचारायला लावते. फोटो कुठल्या महिन्यातला आहे, शेवटच्या एअरपोर्टपासून किंवा स्टेशनपासून पुढं ते कसे पोहोचले, आणि तिथं तुम्ही जेवणार काय. या तिन्हींची उत्तरं मिळाली की अर्धी ट्रिप ठरली समजा, आणि नाही मिळाली तर पैसे भरू नका.

ते सगळे डिसेंबर-जानेवारीत जातात, आमच्या पोरांना सुट्टी मे महिन्यात. काय करायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच सगळ्यात कमी लोक विचारतात. जैसलमेर, जोधपूर, उदयपूरचे सुंदर फोटो हिवाळ्यातले असतात, जैसलमेर-जोधपूरला मे महिन्यात आपल्या सोलापूरपेक्षा जास्त ऊन असतं, म्हणजे बेचाळीस डिग्रीतून उठून पंचेचाळीस डिग्रीत जायचं आणि दुपारभर खोलीत एसी लावून बसायचं. मालदीवला कोरडा मोसम डिसेंबर ते एप्रिल, मेपासून पाऊस आणि वारा सुरू होतो, खोल्या स्वस्त होतात ते त्याच कारणानं. गोव्यात आणि कोकणात मेमध्ये घाम आणि दमटपणा, पण आंबा-फणस असतो, त्यामुळे कोकणाचं मी माफ करते.

म्हणून माझं सरळ सांगणं असतं की दिवाळीची सुट्टी वापरा. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघा, राजस्थानला तेव्हा हवा छान होत आलेली असते. मेमध्ये जायचंच असेल तर उत्तराखंड, हिमाचल, काश्मीर, पण तिथं अख्खा देश आलेला असतो हे गृहीत धरून बुकिंग आधी करा. आणि ज्यांची पोरं अजून शाळेत नाहीत किंवा कॉलेज संपवून नोकरीला लागलीत, त्यांनी फेब्रुवारी सोडूच नये, गर्दी कमी आणि हवा चांगली, एवढा चांगला महिना दुसरा नाही.

काय बे, मालदीव खरंच परवडतं का आपल्याला?

परवडतं, पण फोटोतलं मालदीव आणि परवडणारं मालदीव ही दोन वेगळी गावं आहेत असं समजा. पाण्यावरच्या लाकडी खोल्या असतात ते रिसॉर्ट, एका बेटावर एकच रिसॉर्ट, जेवण तिथंच, पाणी तिथंच, आणि तिथल्या किमतीत. दुसरं म्हणजे लोकवस्तीची बेटं, तिथं गेस्टहाऊस असतात, माफुशी हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं. राजधानी मालेहून माफुशीला स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात पोहोचते, साधी फेरी दीड तास घेते, एकदम स्वस्त असते पण शुक्रवारी नसते. समुद्र तोच, मासे तेच, पाणीही तेवढंच निळं. एक दिवस पैसे भरून जवळच्या रिसॉर्टवर जाऊन येता येतं, फोटोची हौस तिथं भागते.

लोकवस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, आणि स्विमसूट घालून फिरायला वेगळा बीच ठरवून दिलेला असतो, बाकी गावात अंगभर कपडे. आपल्या घरच्या मंडळींना घेऊन जायला मला तर हे जास्त बरं वाटतं.

व्हिसाचं टेन्शन घेऊ नका, भारतीय पासपोर्टवर तिथं उतरल्यावर मोफत मिळतो. निघायच्या आधीच्या ९६ तासांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट असतात त्यांच्या नादाला लागू नका. हॉटेलच्या किमतीत कर धरलाय का ते विचारा, ग्रीन टॅक्स माणशी रोजचा लागतो, २०२५ पासून रिसॉर्टमध्ये १२ डॉलर आणि छोट्या गेस्टहाऊसमध्ये ६ डॉलर, सहा जणांचं पाच रात्रींचं गणित घालून बघा म्हणजे कळेल.

आता आमची गोष्ट सांगते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळं एका एजंटकडून घेतलं होतं, सीप्लेननं रिसॉर्टवर न्यायचं ठरलेलं. आमचं विमान संध्याकाळी उतरलं आणि काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली की सीप्लेन फक्त उजेडात उडतात, आता उद्या सकाळी. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. एजंट फोन उचलेना. सोबत माझी आई, पासष्टीची, दोन पोरं, सहा बॅगा. शेवटी एअरपोर्टजवळच्या हुलहुमालेत स्वतःच्या खर्चानं एक रात्र काढली आणि तिकडं रिसॉर्टमधली भरलेली रात्र वाया गेली ती वेगळीच. त्या रात्री जेवायला बाहेर पडायचं कोणाच्या अंगात त्राण नव्हतं, तर आईनं बॅगेतून स्टीलचा डबा काढला, कडक भाकरी पेपरवर ठेवून मुठीनं फोडली, वर शेंगाचटणी घातली, नवऱ्यानं खालच्या दुकानातून दही आणलं आणि सगळ्यांनी पलंगावर मांडी घालून खाल्लं. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, विमान किती वाजता उतरतंय? दुपारनंतर उतरणार असेल तर सीप्लेनवालं रिसॉर्ट घेऊच नका, स्पीडबोटचं घ्या.

मालदीवला न्यायला चालत नाही असं काय आहे?

दारू नेता येत नाही, ड्यूटी फ्रीमधली बाटलीसुद्धा नाही. डुकराचं मांस नाही. आणि आपल्या लोकांना माहीत नसतं ते म्हणजे पूजेच्या मूर्ती न्यायला बंदी आहे. बाळीवेसमधली माझी मामी कुठंही जाताना बाळकृष्ण सोबत नेते, तिला मी चार वेळा सांगितलं, शेवटी तिनं तो शेजारच्या वहिनींकडे ठेवला, रोज नैवेद्य दाखवायच्या बोलीवर.

दीपिका-रणवीरचं लग्न झालं तो तलाव बघायचाय. साध्या माणसाला आत सोडतात का?

सोडतात, आणि हे ऐकून लोकांना फार आनंद होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचं लग्न इटलीतल्या लेक कोमोवरच्या व्हिला देल बाल्बियानेल्लोत झालं. ते कोणाचं खासगी घर आता राहिलेलं नाही. अठराव्या शतकात एका कार्डिनलनं ते बांधून घेतलं, शेवटचे मालक ग्वीदो मोन्झिनो म्हणून एक गिर्यारोहक होते, १९७३ ची इटलीची पहिली यशस्वी एव्हरेस्ट मोहीम त्यांनीच नेली, आणि त्यांनी १९८८ मध्ये जाताना ही वास्तू इटलीच्या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या नावे केली. त्यामुळे तिकीट काढून बाग बघता येते. हिवाळ्यात बंद असतं आणि एरवीही आठवड्यातले काही दिवस बंद, तारीख बघूनच जा.

जायला मिलानहून रेल्वेनं तासाभरात वारेन्ना, तिथून तलावातली सार्वजनिक बोट पकडून लेन्नो. लोक खासगी बोट घेतात, काही गरज नाही, साध्या बोटीतूनसुद्धा दोन्ही बाजूची गावं दिसतात आणि बाजूला तिथलीच माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन बसलेली असतात.

शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो, मोठ्यांची फी ९० युरो, वर सर्व्हिस चार्ज वेगळा, किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा, बँक स्टेटमेंट, बोटांचे ठसे. सहा महिने आधी अर्ज करता येतो, उन्हाळ्यात जायचं तर जानेवारीतच कामाला लागा. विमानाचं तिकीट व्हिसा यायच्या आधी नॉन-रिफंडेबल काढू नका, आमच्या ओळखीत एकांचे सगळे पैसे गेले. आणि तूप, पेढे, खवा बॅगेत टाकू नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. शेंगाचटणी बिनधास्त न्या.

विराट-अनुष्कानं डिसेंबर २०१७ मध्ये लग्न केलं ते इटलीतच, पण तस्कनीत, कोमोपासून बरंच लांब. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये दोन दिवसांत बघायचा हट्ट धरू नका. तस्कनीत शेतातली राहण्याची घरं मिळतात, शेतकरी कुटुंब चालवतं, सकाळी त्यांच्याच बागेतलं ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो. ज्याचं स्वतःचं शेत आहे अशा मोहोळकडच्या एका काकांना मी तिथं पाठवलं होतं, ते परत आल्यावर महिनाभर द्राक्षवेलींच्या छाटणीवरच बोलत होते.

राजस्थानातले लग्नाचे राजवाडे नुसते बघता येतात का, राहणं तर शक्य नाही?

काही येतात, काही नाही, आणि एजंट लोक यात फार गोंधळ घालतात.

जोधपूरचं उमेद भवन, जिथं प्रियांका-निकचं लग्न डिसेंबर २०१८ मध्ये झालं, त्याचे तीन भाग आहेत. एकात राजघराणं राहतं, एकात हॉटेल, आणि एकात म्युझियम आहे जे तिकीट काढून कोणालाही बघता येतं. जुन्या मोटारी, घड्याळं, सगळं आहे. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट भिडते. हा राजवाडा १९२९ मध्ये बांधायला घेतला तो दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, आणि १९४३ ला पूर्ण झाला. दुष्काळी कामं म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको, आपल्या आज्या-पणज्यांनी खडी फोडलीय. तिथल्या दगडाच्या भिंतीला हात लावून मी बराच वेळ उभी होते.

उदयपूरला परिणीती चोप्राचं लग्न सप्टेंबर २०२३ मध्ये झालं. तिथली मोठी हॉटेलं आत जाऊन बघता येत नाहीत, पण पिछोला तलाव सगळ्यांचा आहे. सिटी पॅलेसच्या बाजूनं बोट मिळते, जगमंदिरला नेऊन आणते. संध्याकाळी अंबराई घाटावर नुसतं जाऊन बसा, समोर सगळा पॅलेस दिव्यांनी उजळतो. नंतर बागोर की हवेलीत लोकनृत्याचा कार्यक्रम असतो, तिकीट काढायला जरा आधी जा.

कतरिना-विकीचं लग्न झालं तो बरवाडा किल्ला, सवाई माधोपूरजवळचा, तो हॉटेलच्या पाहुण्यांपुरताच आहे. नुसतं गेट बघायला जाऊ नका. तिथपर्यंत गेलातच तर रणथंबोर किल्ल्यावरच्या त्रिनेत्र गणेशाला जा, लग्नाची पहिली पत्रिका पोस्टानं या गणपतीला पाठवायची तिकडं पद्धत आहे, पत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. घरात लग्न ठरलं असेल तर आपलीही एक टाका.

सिद्धार्थ-कियाराचं फेब्रुवारी २०२३ चं लग्न जैसलमेरच्या सूर्यगढला झालं, तेही हॉटेलच. पण जैसलमेरचा किल्ला खरा बघण्यासारखा, कारण त्यात आजही माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात आणि पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात.

मुलीला डेस्टिनेशन वेडिंग हवंय, आम्हाला हजार माणसं बोलवायचीत. मधला मार्ग?

मधला मार्ग म्हणजे दोन कार्यक्रम. सेलिब्रिटींची ही लग्नं थोड्या माणसांत होतात, म्हणूनच ती इतकी निवांत दिसतात, आणि मग मुंबई-दिल्लीला मोठं रिसेप्शन देतात. तुम्हीही पन्नास-साठ जणांत कोकणात किंवा महाबळेश्वरला लग्न लावा आणि सोलापूरला येऊन मोठं जेवण द्या. मुलीचं ऐका, पण आजी-आजोबांना चालता येईल का, डॉक्टर किती लांब आहे, हे आधी बघा.

आणि मोठ्या लग्नाची लाज कशाला वाटून घ्यायची, आपल्या गावात संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा होतो, संमती कट्ट्यासमोर लाखोंनी माणूस पांढरेशुभ्र कपडे घालून अक्षता टाकायला उभा असतो. आपल्या रक्तातच गर्दीचं लग्न आहे.

मुंबईचे स्टार लोक अलिबागला बंगले घेतात, तिथं एवढं काय आहे?

मुंबईपासूनचं अंतर. त्यांना शुक्रवारी रात्री निघून बोटीनं तासाभरात मांडव्याला पोहोचता येतं, तेच त्यांचं सुख. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट आहे, गाडीसकट जाता येतं. आपल्याला सोलापूरहून पुणे, खोपोली, पेण करत जवळपास चारशे किलोमीटर पडतं, त्यामुळे "वीकेंडला अलिबाग" हे त्यांचं गणित आपल्याला लागू होत नाही. तीन दिवस असतील तरच जा.

गेलात तर बंगल्यांच्या भिंती बघत फिरू नका. ओहोटीची वेळ विचारून कुलाबा किल्ल्यात पायी जा. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर-संग्रहालय आहे, पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, तिथल्या अंगणातली म्हैस बघून पोरं खरी समजून हात लावायला जातात. येताना पांढऱ्या कांद्याची माळ आणा, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय आणि चवीला गोडसर असतो.

सोलापूरहून गोव्याला विमान आहे म्हणे?

हो, होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान जून २०२५ मध्ये सुरू झालं. मोपाला उतरतं. छोटं विमान, छोटा प्रवास, पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आईवडिलांसाठी तर फारच छान. वेळापत्रक बदलत असतं म्हणून परतीचं दुसऱ्याच दिवशी मुंबईहून पुढचं विमान असं जोडून घेऊ नका, एक दिवस मधे ठेवा.

मोपा उत्तरेला आहे, तुम्हाला दक्षिण गोव्यातली शांत ठिकाणं हवी असतील, आगोंद, गालजीबाग वगैरे, तर उतरल्यावर पुढं अडीच-तीन तास धरा. गालजीबाग आणि आगोंदला हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथं रात्री बॅटरी लावून फिरायचं नाही. भाड्याची गाडी घेताना नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना एवढं बघा, पांढऱ्या प्लेटची गाडी कोणी भाड्यानं देत असेल तर पोलीस तुम्हालाच धरतात.

सचिन वाढदिवसाला कुठं गेला होता ते?

सिंधुदुर्ग, भोगवे. पन्नासावा वाढदिवस, एप्रिल २०२३. जगात कुठंही जाऊ शकणारा माणूस कोकणात गेला आणि नंतर स्वतः व्हिडिओ टाकून कौतुक केलं. या सगळ्या यादीतलं एकच ठिकाण निवड म्हटलं तर मी हेच निवडेन, कारण इथं तुम्ही आणि तो जवळपास तेच अनुभवता. तीच वाळू, तीच आंबोळी, तीच सोलकढी.

सोलापूरहून सांगोला, मिरज करत कोल्हापूर, आणि तिथून फोंडा किंवा आंबोली घाटानं खाली. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत कोल्हापूर मागं पडलेलं असतं, अंधार पडायच्या आत घाट उतरा. भोगव्याच्या एका बाजूला निवतीचा किल्ला, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी समुद्राला मिळते, पलीकडे देवबाग-तारकर्ली. मालवणला शिवरायांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला आहेच. राहायला मोठं हॉटेल शोधू नका, घरगुती न्याहारी-निवासाची सोय असते, ओसरीत बसून जेवायचं. फक्त आधी फोन करून सांगा किती माणसं आणि शाकाहारी किती, कारण मासे सकाळी बाजारातून मोजून आणतात. पावसाळ्यात बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, तेव्हा नुसता पाऊस बघायला जायचं तर जा.

आणि कृपा करून भोगव्याला बिसलेरीच्या बाटल्या टाकून येऊ नका. मी गेले तेव्हा स्वच्छ होतं, पुढच्या वेळी तसंच दिसू दे.

विराट-अनुष्का जातात ते कैंची धाम करायचंय, कसं जायचं?

नीम करोली बाबांचा आश्रम, उत्तराखंडात नैनितालजवळ. स्टीव्ह जॉब्स १९७४ मध्ये भारतात आला तेव्हा तिथं गेला होता, बाबांचं देहावसान त्याआधीच १९७३ मध्ये झालेलं. पुढं मार्क झुकेरबर्गही जाऊन आला. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं काठगोदाम, आणि तिथून टॅक्सीनं साधारण चाळीस किलोमीटर. १५ जूनला तिथं मोठा मेळा असतो, तेव्हा रस्ते पूर्ण जाम होतात, म्हातारी माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळा. सकाळी लवकर दर्शन घ्या, मंदिरात फोटो काढू देत नाहीत. अक्कलकोट-तुळजापूर करणाऱ्या आपल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही, फक्त थंडी असते, मेमध्येसुद्धा संध्याकाळी स्वेटर लागतो.

आणि ताडोबा?

सचिन तिथंही वरचेवर जातो. बुकिंग सरकारी वेबसाइटवरूनच करा. मंगळवारी बंद, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर भाग बंद. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे पोरं दोन-चार तास खरोखर जंगल बघतात. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता जास्त असते, म्हणजे मेच्या सुट्टीत चालणारी ही एक जागा मिळाली. वाघ दिसेलच असं सांगणारा गाइड मिळाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

एअरपोर्ट लुक, ब्रँडेड बॅगा, हे सगळं घ्यावं का?

त्यांचे कपडे बघताना कापड बघा. प्रवासात ते बहुतेक वेळा सैल, सुती, एका रंगाचं काहीतरी घालतात आणि पायात चालायचे बूट. ते आपल्याकडेही आहे. नवी पेठेत फिरा, चांगला कॉटन सेट मिळतो. टॉवेल तर आपल्यासारखा दुसरीकडे कुठं मिळतो, सोलापुरी टॉवेल पातळ असतो, पाणी लगेच ओढतो आणि तासाभरात वाळतो, समुद्रावर जाताना हॉटेलच्या जाड टॉवेलपेक्षा कितीतरी बरा. गाडीनं जाणार असाल तर मागच्या सीटवर एक चादर टाका.

नवीन बूट घालून प्रवासाला निघू नका, आठ दिवस आधी घरात घालून फिरा. पॉवर बँक हँडबॅगेत ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. स्किनकेअरचं म्हणाल तर सनस्क्रीन, टोपी, पाणी, बाकी कुठलंही नवीन क्रीम ट्रिपमध्ये पहिल्यांदा लावून बघू नका.

आई-बाबांना बाहेरचं जेवण चालत नाही, त्यांना न्यायचं कसं?

त्यांचं खाणं सोबत न्या, यात कसलाही कमीपणा नाही. हल्ली मोठमोठे कलाकार ज्वारी-नाचणीची भाकरी खातो म्हणून मुलाखतीत सांगतात, २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय आहे. आपण तेच पिढ्यान्‌पिढ्या खातोय. कडक भाकरी नीट बांधली तर कितीतरी दिवस टिकते. बांधायची अशी, आधी सुती कापडात, मग डब्यात, कारण प्लॅस्टिकमध्ये ठेवली की मऊ पडते आणि वास मारतो. डब्यात भाकऱ्यांच्या मधे कागद घाला म्हणजे हादऱ्यानं तुकडे होत नाहीत, झाले तरी खायला तुकडेच करायचेत. शेंगाचटणी कोरडी घ्या, तेल घातलेली नको. दही जगात कुठंही मिळतं. दोन वेळचं हे झालं की तिसऱ्या वेळी बाबा स्वतःहून म्हणतात, चला, इथलं काय मिळतं बघू.

ईएमआयवर परदेश ट्रिप घ्यावी का?

नको. एक वर्ष थांबा, महिन्याला बाजूला टाका, तोवर सिंधुदुर्ग करा. तेवढ्यात पासपोर्ट काढून ठेवा, साधी फी १५०० रुपये. आधीच असेल तर मुदत बघा, परतीनंतर निदान सहा महिने शिल्लक हवी.

एजंटकडून पॅकेज घेताना काय विचारायचं?

सगळं लेखी मागा, फोनवरचं "होऊन जाईल मॅडम" धरू नका. एअरपोर्टपासून हॉटेलपर्यंतचा खर्च धरलाय का, कुठलं जेवण धरलंय, हॉटेलचं नाव काय, "किंवा तत्सम" असं लिहिलं असेल तर तत्सम म्हणजे कुठलं. विमान उतरायची वेळ काय. रद्द केलं तर किती कापणार. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, त्याची पावती घ्या, तुमच्या पॅनवर ते जमा दिसतं आणि रिटर्न भरताना वळतं करून मिळतं, कितीतरी लोक ते सोडून देतात.

मुंबईहून विमान असेल तर वंदे भारतनं जायचं का रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं, हेही विचारतात. वंदे भारत सकाळी सुटून दुपारी मुंबईत सोडते, रात्रीच्या विमानाला ती उत्तम. सकाळच्या विमानाला सिद्धेश्वरच्या भरवशावर राहू नका, गाडी तासभर लेट झाली तर सगळंच गेलं, आदल्या दिवशी पोहोचा.

तिथं सेलिब्रिटी दिसला तर फोटो मागावा का?

एकटे असतील आणि तुमच्याकडे बघून हसले तर नम्रपणे विचारा. जेवत असतील किंवा लेकरं सोबत असतील तर नाही.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात असं काही नाही का, पाहुण्यांना दाखवायला?

आहे की! २०१६ चा 'सैराट' आपल्या करमाळा तालुक्यात झाला, नागराज मंजुळे जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. त्या सिनेमानंतर पुण्या-मुंबईची माणसं मुद्दाम करमाळ्याला यायला लागली. करमाळ्याला कमलाभवानीचं मंदिर आहे, तिथली पायऱ्यांची मोठी विहीर बघून पाहुणे गप्प होतात. नान्नजला माळढोक अभयारण्य, माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ, पण काळवीटांचे कळप सकाळी हमखास दिसतात. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर, शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या भिगवणकडे रोहित पक्षी येतात, मासेमारी करणारे लोकच होडीतून नेतात, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिकडच्याच पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. शहरात भय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, १९३८ मध्ये चीनला गेलेला आपला डॉक्टर, त्यांचं घर बघायला चीनहून पाहुणे येतात आणि आपण सोलापुरात राहून बघितलेलं नसतं.

पाहुणे डिसेंबर-जानेवारीत येणार असतील तर एक सकाळ हुरड्याला ठेवा. ओळखीचं शेत बघा, आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे कोवळी कणसं राखून ठेवतात. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळलं की हिरवे दाणे गरम गरम पडतात, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. नऊच्या आत पोहोचा, ऊन वर आलं की आगटीजवळ बसवत नाही.